अप्पांची बुलेट आणि ०.८ मिलिमीटर

२०२४च्या फेब्रुवारीत आमच्या बुलेटच्या आरसीची मुदत संपत आली. गाडी १९९४ची. पंधरा वर्षं २००९ला भरली, आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी तिला नाशिकच्या पेठ रोडवर आरटीओत नेऊन पुन्हा पास करून आणायचं हे काम अप्पांचं. या खेपेला त्यांच्या गुडघ्याने साफ नकार दिला. उजवा गुडघा. तीस वर्षं त्याच पायाने किक मारली त्याचं हे व्याज, असं आई म्हणते. तर काम माझ्याकडे आलं. गाडी मी कॉलेजात असल्यापासून चालवते, पण तिचे कागद कपाटातल्या कुठल्या पिशवीत असतात तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. विम्याचा कागद सापडला, पर्यावरण कर भरून झाला, राहिली फक्त पीयूसी, धुराच्या तपासणीचा दाखला. दहा मिनिटांचं काम म्हणून शनिवारी दुपारी निघाले.

पुलाखाली व्हॅन उभी असते तिथे नेली. पोराने सायलेन्सरमध्ये नळी सारली. आकडे चढत गेले आणि थांबले. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ५.८ टक्के, हायड्रोकार्बन (एचसी) ६,२०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ६,२०० भाग. ३१ मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम. म्हणजे एका विषयात काठावर वगैरे नाही, चांगलं पास, आणि दुसऱ्यात नापास.

"ताई, ट्युनिंग करून आणा," पोरगा म्हणाला आणि मागच्या रिक्षाला हात केला.

जवळच एक गॅरेज होतं. नाव सांगत नाही, तशी कितीतरी असतात. तिथल्या माणसाने कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू दोन फेरे बाहेर काढला, पॉइंटच्या डब्याचं झाकण उघडलं, आतली प्लेट पेचकसाने जराशी सरकवली, गाडी बंद पडायला लागली तसा स्लो स्क्रू आवळला. वीस मिनिटं, तीनशे रुपये. "आता होईल बघा." आणि झाली. ३.९ टक्के, २,१०० पीपीएम. हातात कागद. घरी आले तर अप्पा गॅलरीत उभे. गाडी बंद करायच्या आत ओरडले, "थांब, बंद करू नकोस!" आणि डोळे मिटून ऐकत राहिले. डग... डग... डग. दोन ठोक्यांच्या मधे माणूस जांभई देऊन घेईल इतकं अंतर. "हा खरा बुलेटचा आवाज. कुणी केली गं?"

पुढच्या रविवारी मावशीला गडावर जायचं होतं. सप्तशृंगीला मी बुलेटवर तीनचारदा गेलेली आहे, त्यामुळे कधी कुठला गिअर लागतो ते पायाला पाठ. दिंडोरी रोडला द्राक्षांच्या गाड्यांमागून रखडत गेलो तोवर काही जाणवलं नाही. वणी ओलांडून नांदुरीला आलो आणि चढ लागला. तिथून गड दहाएक किलोमीटर. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये खुशाल जाते त्या पहिल्याच मोठ्या वळणावर तिने मान टाकली. दुसरा टाकला. अ‍ॅक्सिलरेटर पिळतेय तर आवाज मोठा होतोय आणि वेग तोच. अर्ध्या घाटात उजव्या नडगीला अशी धग लागायला लागली, जणू शेगडीशेजारी पाय ठेवलाय. थांबवली. सिलिंडरमधून बाहेर पडणारा सायलेन्सरचा पाइप वितभर सोनेरी पडला होता आणि वळणावर निळा. मावशी खाली उतरून पदराने वारा घेत होती. "ती वरची ट्रॉली केलीये ना सरकारने," ती म्हणाली, "ती नांदुरीपासूनच करायला हवी होती." उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके. माकडं पळाली एवढाच काय तो फायदा.

परतल्यावर पेट्रोलचा हिशेब केला. मी बँकेत असते, आकडे लिहून ठेवायची खोड आहे. लिटरला ३३-३४ किलोमीटर देणारी गाडी २८वर आली होती. खिशात मात्र "प्रदूषण नियंत्रणाखाली" असल्याचा कागद.

अप्पांनी त्यांच्या जुन्या मित्राला फोन लावला. हे काका मायकोतून रिटायर झाले. कंपनीचं नाव बदलून बॉश झाल्याला बरीच वर्षं झाली, पण त्र्यंबक रोडवरचा चौक अजून मायको सर्कलच आहे आणि काका विचारल्यावर "मायकोत होतो" असंच सांगतात. डिझेल इंजिनाच्या नोझलवर उभं आयुष्य गेलं, त्यामुळे मिलिमीटर हे माप त्यांना गावठी वाटतं. सातपूर कॉलनीतल्या घराच्या पडवीत त्यांचं एक टेबल आहे. त्यावर पाने आकारानुसार मांडलेले, आणि कुणी हात लावलेला त्यांना अंधारातही कळतो.

त्यांनी गाडीला हातच लावला नाही आधी. "कागद आण. दोन्ही." मी नापासाच्या वेळचे आकडे वहीत लिहिले होते ते आणि पासाचा कागद शेजारी ठेवला. काकांनी चष्मा वर केला.

"हे बघ पोरी. सीओ हा कार्ब्युरेटरचा गुन्हा. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, तो अर्धवट जळून सीओ होतो. ठिणगी लवकर पडो, उशिरा पडो, हवाच नाही तर काय जळणार? टायमिंगने, म्हणजे ठिणगीच्या वेळेने, सीओ फारसा हलत नाही. एचसी वेगळं. ते न जळलेलं पेट्रोल. त्यात टायमिंगचा हात असतो, प्लगचा असतो, मिसिंगचा असतो. दहातली एक ठिणगी हुकली तर त्या वेळचं सगळं पेट्रोल जसंच्या तसं बाहेर."

"मग त्याने टायमिंगला हात का लावला?"

"एचसी उतरतं ना. मशिनला बरं दिसतं. आणि आवाज कसा येतो!" शेवटचं वाक्य अप्पांकडे बघून.

हे मला नवीन होतं. टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली, की स्लोमधला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न पिळता गाडी नुसती चालू असतानाचा, ठोका जड आणि संथ होतो. डगडग आवाजासाठी मुद्दाम टायमिंग मागे घ्यायला लावणारे बुलेटवाले कमी नाहीत, असं काका म्हणाले. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते.

आधी कार्ब्युरेटर. तो मिककार्बचा, त्यात चोक म्हणजे एक छोटा दट्ट्या असतो, खटका दाबला की उचलला जातो आणि जादा पेट्रोलची वाट मोकळी होते. काकांनी दट्ट्या बाहेर काढून त्याची खालची बाजू मला दाखवली. रबर दगडासारखं झालेलं आणि त्यावर गोल खाच पडलेली. म्हणजे चोक बंद असतानाही पेट्रोल पाझरत होतं, रात्रंदिवस. एअर स्क्रू दोन फेरे बाहेर काढून गॅरेजवाल्याने ते पाझरणं झाकलं होतं, थांबवलं नव्हतं. दट्ट्या शिंगाडा तलावाजवळच्या स्पेअरच्या दुकानात मिळाला. किंमत त्या तीनशेच्या मानाने काहीच नाही. काकांनी जाता जाता हेही सांगितलं की नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे तिथे नीट लावलेली गाडी इथे आणली की मुळातच जरा जास्त पेट्रोल पिते. त्यावर गळका चोक.

मग पॉइंट. पॉइंट म्हणजे ठिणगीचा दरवाजा. दोन छोट्या टिकल्या, एकमेकींना चिकटलेल्या असतात तोवर कॉइलमध्ये वीज साठते, आणि फिरणारा कॅम त्यांना उघडतो त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. काकांनी फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं माप, घातला. बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची गॅप लागते. आमच्यात ०.२०ची पट्टी कशीबशी गेली. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली होती. टाच झिजली की गॅप कमी होते, गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग आपलं आपणच मागे सरकत जातं, कुणी हात न लावता. त्यावर गॅरेजवाल्याने प्लेट आणखी मागे नेलेली. पण काकांना अजून समाधान नव्हतं. त्यांनी प्लेट काढून खालची दोन वजनं बोटाने दाबली. हलेनात. ग्रीस वाळून त्याचं लाखेसारखं झालं होतं.

या वजनांचं महत्त्व कळायला मला अर्धा तास आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर लागला. इंजिन मिनिटाला हजार फेरे करत असेल तर एका मिलिसेकंदात ते सहा अंश फिरतं. चार हजारावर चोवीस अंश. ठिणगी पडली तरी सिलिंडरभर आग पसरायला वेळ लागतोच. इंजिन जोरात असलं की आगही घाई करते, पण चौपट नाही. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पाडावी लागते. वेगाने बाहेर फेकली जाणारी ती दोन वजनं कॅमला पुढे ढकलतात आणि ते काम आपोआप होतं. आमची वजनं स्लोच्या जागीच चिकटली होती. म्हणजे गडाच्या चढावर मी अ‍ॅक्सिलरेटर पिळत होते तेव्हा इंजिन पळत होतं आणि ठिणगी अजून स्लोच्याच हिशेबाने, त्यातही उशिराने येत होती. पिस्टन खाली निघून गेल्यावर मागून धक्का. झोका परत फिरतो त्या वेळी ढकलायचा तर आपण तो समोर जाऊन पोचल्यावर हात पुढे केला, तसं. सगळा जाळ ढकलण्याच्या कामी यायच्या ऐवजी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पाइपात. निळा पाइप त्याचाच. आणि एचसी उतरलं तेही त्यानेच. उरलंसुरलं पेट्रोल पाइपात जाऊन जळत होतं.

रॉकेलमध्ये वजनं धुतली, एकेक थेंब तेल दिलं, स्प्रिंगा पाहिल्या. नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर. आणि मग ते काम, ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच लिहायला घेतला.

बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर एक छोटा अँपिअर मीटर असतो. मला वाटायचं तो शोभेला आहे, त्याचा काटा नुसता थरथरत असतो. काकांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चौथा गिअर टाकला, प्लग काढला. जुन्या प्लगचं पोट पोखरून त्यात त्यांनी डायल गेज बसवलेला आहे, तो प्लगच्या भोकात फिरवून घट्ट केला. काढलेला प्लग त्याच्या टोपीत घालून सिलिंडरच्या पाकळ्यांवर टेकवून ठेवला. "मी चाक फिरवतो. तू काट्यावरून नजर हलवायची नाही."

मागचं चाक हाताने फिरवलं की चौथ्या गिअरमधून इंजिनच फिरतं. पिस्टन अगदी वर आला तिथे त्यांनी डायल शून्यावर आणला. बुलेटला वजनं मिटलेली असताना ठिणगी पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पडायला हवी. काकांनी चाक मागे घेतलं, ०.८च्याही पलीकडे, दोन मिलिमीटरपर्यंत, आणि मग पुढे आणायला लागले. "नेहमी पुढेच यायचं. गिअरांत ढिलाई असते. जरा जास्त पुढे गेलं तर परत पहिल्यापासून." चावी सुरू. पॉइंट मिटलेले होते, कॉइल वीज खात होती, काटा डावीकडे झुकलेला. चाक सरकतंय. काटा तिथेच. डायलवर १.२, १.०, ०.९. काका श्वास रोखल्यासारखे. ०.८. काटा तिथेच. ०.६. आणि काटा टुणकन मधे आला, त्याच क्षणी टेकवलेल्या प्लगवर बारीक निळी ठिणगी, टक्.

"उशिरा." प्लेट केसभर सरकवली. परत मागे, परत पुढे. आता ०.९५ला टुणकन. परत. सहाव्या की सातव्या वेळेला डायल ०.८वर आणि काटा मधे, एकदम. काकांनी तीनदा फिरवून तीनदा बघितलं. मग प्लेटचे स्क्रू आवळले आणि आवळल्यावर परत बघितलं, कारण आवळताना प्लेट सरकते.

हे मीटर गाडीच्या डोक्यावर तीस वर्षं होतं आणि मी रोज त्याच्याकडे बघत होते.

०.८ मिलिमीटर म्हणजे क्रँकचे किती अंश, हे मी रात्री एक्सेलमध्ये काढलं. ९० मिलिमीटरचा स्ट्रोक धरून ढोबळमानाने साडेनऊ येतात. गंमत म्हणजे दुप्पट, १.६ मिलिमीटर, केलं तर एकोणीस होत नाहीत, साडेतेराच होतात. पिस्टन माथ्याजवळ जवळजवळ थांबलेला असतो, तिथे क्रँक बराच फिरतो तेव्हा पिस्टन कुठे जरासा हलतो. म्हणून तिथली पाव मिलिमीटरची चूकही दीडएक अंशांची होते, आणि डोळ्याने अंदाजे प्लेट सरकवणाऱ्याला ती दिसणारच नाही.

आता माझ्या डोक्यात किडा वळवळला. टायमिंगने कागदावर नेमका किती फरक पडतो? काकांना विचारलं तर तेही खुलले. त्यांनी पॉइंटच्या प्लेटवर आणि डब्याच्या कडेवर सुईने तीन रेघा ओढल्या. मधली बरोबर, एक उशिराची, साधारण ०.३ मिलिमीटरला, आणि एक लवकरची, १.६ला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं व्हॅनकडे गेलो. पोराला सांगितलं, कागद काढायचा नाही, फक्त बघायचं, चहा आमच्याकडून. त्याला आधी कळेना, मग तोच सगळ्यात जास्त रंगला. प्रत्येक वेळी काकांनी स्लो स्क्रू फिरवून इंजिनाचे फेरे सारखे करून घेतले, नाहीतर तुलनेला अर्थ नाही म्हणाले.

मधली रेघ: सीओ २.६, एचसी १,९००. उशिराची रेघ: सीओ २.५, एचसी १,३००.

लवकरच्या रेघेला किक मी मारली. तोवर मला किक उलटणं म्हणजे काय हे फक्त ऐकून माहीत होतं. पाय अर्ध्यावर गेला आणि खालून कुणी हातोडा मारावा तशी किक वर आली. चप्पल व्हॅनच्या पलीकडे. पिस्टन वर पोचायच्या बराच आधी स्फोट झाला, किकचा वेग तो काय, इंजिन उलटं फिरलं. पोरगा हसला आणि मग माझं तोंड बघून गप्प झाला. घोट्यावर आठवडाभर बर्फ लावत होते. अप्पांच्या गुडघ्याबद्दल आई जे म्हणते त्यात तथ्य असावं. दुसऱ्यांदा काकांनी स्वतः किक मारली, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकंप्रेशनचा खटका ओढून, काट्याकडे बघत, पिस्टन माथ्यावरून जरा पुढे घेऊन मग एका दमात. सीओ २.७, एचसी २,७००, आणि स्लोचा आवाज कावलेला, अडखळता.

एचसी वाढण्याचं कारण काकांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. ठिणगी लवकर पडली की दाब चढतो तो फार, आणि तो न जळलेलं मिश्रण पिस्टन आणि सिलिंडरच्या फटीत, रिंगांच्या वर, कोंबतो. आग तिथे शिरत नाही. नंतर दाब उतरला की ते बाहेर येतं, पण तोवर धूर थंड झालेला असतो, पाइपात जळायलाही उरत नाही.

वहीतले तीन आकडे मी बराच वेळ बघत बसले. सीओ काका म्हणाले तसाच, जवळपास हललाच नाही. आणि तिन्ही वेळा गाडी पास! घाटात दम टाकणारी पास, बरोबर चालणारी पास, पाय मोडणारी पास. ९,०००ची मर्यादा इतकी सैल आहे की तिच्या लेखी तिन्ही गाड्या एकच. कागदात सगळ्यात स्वच्छ दिसणारी तर उशिराची, म्हणजे तीच जी लिटरला पाच-सहा किलोमीटर कमी देत होती. दर किलोमीटरला जादा पेट्रोल जाळणारी गाडी उभी करून नळी घातली की गुणी मुलगी.

घोटा बरा झाल्यावर एकटीच गडावर गेले, मधल्या रेघेवर. ते पहिलं वळण तिसऱ्यात, न कुरकुरता. धग नाही, फटाके नाहीत. लवकरच्या रेघेवरही एकदा काका बरोबर असताना रामशेजपर्यंत जाऊन आलो. सपाटीला गाडी कमालीची चपळ, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचा अवकाश. पण जरा चढ आला, भार आला, की पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावे तसा आवाज इंजिनातून. "ऐकलंस? हे पिस्टनवर हातोडे पडतायत," काका मागून ओरडले. आम्ही लगेच फिरलो.

मला वाटलं होतं प्रकरण इथे मिटलं. मधली रेघ बरोबर, सगळे खूश. पण पडवीत चहा पिताना काकांनी सहज एक गोष्ट टाकली, ती मला अजून चावते. व्हॅनमधलं मशिन आणखी एक वायू बघतच नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन, एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधली आग फार तापली की तोही ऑक्सिजनशी संग करतो. ठिणगी जितकी आधी, आग तितकी तापते, हे ऑक्साइड तितके जास्त. म्हणजे गॅरेजवाल्याची उशिराची रेघ या एका बाबतीत खरंच आमच्यापेक्षा बरी होती! पुण्याला एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत नवं मॉडेल रोलरवर चालवून तपासतात तेव्हा हा वायूही मोजला जातो, किलोमीटरला किती ग्रॅम असा. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीची पीयूसी मात्र नळी घालून गाडी उभी असताना होते, आणि उभ्या गाडीच्या स्लोमध्ये तो वायू तयारही फार होत नाही. तो होतो गडाच्या चढावर, जिथे कुणी नळी घेऊन उभं नसतं.

"मग बरोबर टायमिंग कुठलं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुझ्या गाडीसाठी ०.८," काका म्हणाले. "तिच्यात दुसरं काही करताच येत नाही. नव्या गाड्यांचं वेगळं." त्यांच्या भाच्याची बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण निकषांची, बुलेट दारात उभी होती, तिच्याकडे हात करून त्यांनी सांगितलं ते ऐकून मी हसतच सुटले. नव्या गाडीत टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, ठोक्याठोक्याला. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तो सीओ, एचसी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तिन्ही निपटतो, पण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून सकाळी थंड गाडी सुरू केली की अशा गाड्यांत कॉम्प्युटर पहिले काही सेकंद काय करतो? ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. जाळ पाइपात जाऊ देतो, कन्व्हर्टर तापवायला. तापला की टायमिंग जागेवर. पुलाजवळच्या त्या माणसाने तीनशे रुपयांत केलेली युक्ती, फक्त याला थांबायचं कधी ते कळतं.

आरटीओचं काम पुढे सुरळीत झालं. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. रांग होती, ऊन होतं, झालं. पीयूसी मी मधल्या रेघेवर नव्याने काढून घेतली, जुनी चालली असती तरी. पॉइंटची टाच आज ना उद्या झिजणारच, म्हणून दर सहा महिन्यांनी पीयूसीच्या आधी गॅप तपासायची असं वहीत लिहिलंय. गेल्या खेपेला ०.३८ची ०.३४ झाली होती. काका पडवीत बसून बघत होते, फिलर गेज माझ्या हातात होता, आणि काट्यावर नजर ठेवायला भाचा.

अप्पा मात्र नाराज आहेत. गाडी लवकर स्टार्ट होते, अ‍ॅव्हरेज ३४ देते, नडगी भाजत नाही, हे सगळं त्यांना मान्य आहे. "पण आवाज गेला," म्हणतात. गाडी आता स्लोमध्ये डगडगडग करते, मधे जांभई मावत नाही. परवा मी बँकेतून लवकर आले तर ते गॅलरीत पाठमोरे, फोन कानाला, हळू आवाजात काकांना विचारत होते, "अरे, पूर्ण नाही म्हणत मी. ती तुझी उशिराची रेघ आहे ना, तिच्या निम्म्यापर्यंत तरी?"